मग हायड्रोजन कुठे गेला?

"मावशी, ऑक्सिजनचे बुडबुडे दिसतायत. मग पाण्यातला हायड्रोजन कुठे गेला?"

खिडकीतल्या उन्हात काचेचा ग्लास, त्यात पाणवनस्पतीची फांदी. तिच्या तुटक्या टोकातून बुडबुडे माळेसारखे वर चढत होते. "झाड उन्हाच्या जोरावर पाणी फोडतं; ऑक्सिजन सोडून दिला, हायड्रोजन साखरेत ठेवून घेतला," असं सांगून मी मोकळी झाले खरी, पण प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना.

माणसाला इंधन म्हणून हवा आहे तो नेमका हाच हायड्रोजन. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर (पांढऱ्या रंगांत वापरतात तो पदार्थ) प्रकाश पाडून पाण्याचं विघटन, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे, करून दाखवलं. अडचण अशी, की त्या पदार्थाला अतिनील किरणच लागतात, आणि ते उन्हात असतात जेमतेम ५ टक्के. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी प्रकाशाने पाणी फोडणाऱ्या १०० चौरस मीटरच्या पॅनेलांवर उघड्या उन्हात हायड्रोजन काढला. कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरलेला वाटा? फार तर ०.७६ टक्के.

आकडा लहान आहे, पण मला तो वाचून भरून आलं. नुसतं ऊन आणि पाणी, धूर नाही!

संध्याकाळी ऊन सरकलं, बुडबुडे मंदावले. भाचीने काही न बोलता ग्लास उचलला आणि उन्हाच्या उरलेल्या पट्ट्यात नेऊन ठेवला.