दोघांच्या भांडणात तिसऱ्याची फौज

30 जुलै 1987 रोजी कोलंबोत मानवंदना स्वीकारत असलेल्या राजीव गांधींवर श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला. ते वेळीच वाकले म्हणून तडाखा डोक्याऐवजी खांद्यावर बसला. हल्लेखोर तमिळ नव्हता, सिंहली होता, हे मला त्या क्षणाच्या छायाचित्रातील सर्वांत बोलके वाटते. आदल्याच दिवशी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्याशी करार झाला होता आणि तिथल्या सरकारशी लढणाऱ्या तमिळ बंडखोरांकडून शस्त्रे खाली ठेवून घेण्यासाठी भारताची शांतिसेना जाफन्याकडे निघाली होती.

ज्या वाघांना, म्हणजे लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेला, भारतानेच प्रशिक्षण दिले होते, त्यांच्याशीच ऑक्टोबरमध्ये लढाई जुंपली. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकच जिवंत राहिला, आणि तोही शत्रूच्या हाती सापडला. 25 नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावरही हल्लेखोराचीच रायफल हिसकावून लढले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शौर्यात काही उणे नव्हते. उणे होते ते दिल्लीच्या हिशेबात.

तो हिशेब श्रीलंकेच्या सिंहलीबहुल दक्षिणेत अधिकच बिघडला. भारताला देश विकल्याचा आरोप करत जनता विमुक्ती पेरामुनाने, म्हणजे जेव्हीपीने, स्वतःच्याच सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव पेटवला. (हा पक्ष डाव्या विचारांचा, पण त्या काळात त्याची भाषा निव्वळ सिंहली राष्ट्रवादाची होती.) परकी फौज दारात आली की सत्ताधाऱ्याला देशद्रोही ठरवणे विरोधकांना किती सोपे जाते, हे तिथे दिसले. मग राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी 1 जून 1989 रोजी, शांतिसेनेने जुलैअखेर निघून जावे, अशी जाहीर मागणी केली. एवढेच नव्हे, तर तिच्याशी लढणाऱ्या वाघांना प्रेमदासांच्याच सरकारने शस्त्रे पुरवली. कालपर्यंतचे हाडवैरी तिसऱ्याला घालवण्यापुरते एक झाले.

सुमारे 1,200 जवान गमावून शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला परतलेल्या जवानांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जूनमध्ये वाघ आणि कोलंबो पुन्हा एकमेकांवर तुटून पडले होते.