टॉनिक सोल्फाचा घरचा अभ्यास : मॉड्युलेटर, ला आणि पुढचा टप्पा

टॉनिक सोल्फा, म्हणजे डो, रे, मी अशा स्वरनावांवरून गाणे शिकवण्याची इंग्लंडमधली पद्धत, मी घरी शिकतो आहे. तिच्यातला जॉन कर्वेन यांचा मॉड्युलेटर, म्हणजे या स्वरनावांची उभी शिडी, मोठ्या कागदावर काढून या महिन्यात भिंतीवर लावला आणि अभ्यासाला खऱ्या अर्थाने गती आली. १८४१ साली हल येथे भरलेल्या रविवारशाळांच्या परिषदेने सामान्य मुलांना गाणे शिकवण्याची सर्वांत सोपी रीत सुचवण्याचे काम या तरुण धर्मोपदेशकाकडे सोपवले, तेव्हा त्यांनी नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांची, १८३५ साली पुस्तकरूपाने आलेली पद्धत हाती घेतली आणि तिच्यात पुढे बरीच भर घातली. मूळ कल्पना ग्लोव्हरबाईंची असूनही पद्धत ओळखली जाते ती कर्वेन यांच्या नावाने, हे मला अन्यायाचे वाटते.

या पद्धतीतला डो आपल्या षड्जासारखा कोणत्याही पट्टीत धरता येतो. त्याच काळात लंडनच्या एक्झेटर हॉलमध्ये जॉन हला सरकारी पाठिंब्याने मोठे वर्ग चालवत होते. परंतु त्यांचा डो पांढरी एकला (पेटीवरच्या एका ठरावीक पट्टीला) खिळलेला असल्यामुळे पट्टी बदलली की स्वरांची नावे तीच राहत आणि त्यांची परस्परांतली नाती बदलत. नवशिक्याला हे पेलणे कठीण होते.

सध्या माझी बहीण छडीने शिडीवरचा स्वर दाखवते आणि मी तो गातो. शिक्षकाने नमुना हळू आवाजात गाऊन दाखवावा, विद्यार्थ्यांनी तो आधी ऐकावा आणि मग गावा, मात्र शिक्षकाने त्यांच्याबरोबर गाऊ नये, हा कर्वेन यांचा नियम आम्ही कसोशीने पाळतो. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ या जुन्या स्तोत्राच्या चालीची पहिली ओळ (डो डो टी ला सो डो रे मी, त्यात टी, ला आणि सो मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले) आता पेटीशिवाय सुरात येते.

अडचण आहे ती मायनर, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातल्या उदास छटेच्या स्वरक्रमातल्या, चालींची. आपल्याकडे आसावरी थाट गाताना सा जागचा हलत नाही, गंधार, धैवत आणि निषाद कोमल होतात. कर्वेन यांच्या रीतीत मात्र स्वरांची नावे तीच राहतात आणि विसाव्याची जागा ला या स्वरावर जाते. म्हणजे जो ला एरवी धैवत असतो, त्यावरच चाल येऊन थांबते. तानपुरा लावला की कान त्या ला लाच सा म्हणू लागतो, म्हणून मायनरच्या सरावापुरता तो बंद ठेवला आहे. मायनरमध्ये सो चढवला की त्याला ‘सी’ म्हणतात, आणि सी वरून ला वर येणे आता जमू लागले आहे. कर्वेन यांनी प्रत्येक स्वराचा भाव सांगितला आहे: डो ठाम, सो तेजस्वी, ला उदास, टी टोचणारा. संथ गायनातच हे भाव जाणवतात, असे त्यांनीच म्हटले आहे आणि माझाही अनुभव तसाच आहे. चाल द्रुत झाली की ला ची उदासी कुठल्या कुठे जाते.

लेखनपद्धती मला फार आवडली. स्वरांची आद्याक्षरे, मात्रांसाठी विसर्गचिन्हासारखी दोन टिंबे, अर्ध्या मात्रेसाठी एक टिंब, लांबवलेल्या स्वरासाठी आडवी रेघ, एवढ्यावर सगळे भागते. सो शी आद्याक्षराचा घोळ होऊ नये म्हणून सातव्या स्वराच्या जुन्या ‘सी’ या नावाची ‘टी’ झाली. पाच रेघांचे खास खिळे लागत नसल्यामुळे साध्या छापखान्यातही ही पुस्तके निघत आणि कामगाराच्या खिशाला परवडत. हँडेलची ‘मसाया’ ही मोठी समूहगायनाची रचनासुद्धा अशा अक्षरांत छापली गेली. १८५७ साली क्रिस्टल पॅलेसमध्ये या पद्धतीने शिकलेली सुमारे ३,००० मुले एकत्र गायली, ती याच बळावर. वेल्समधील खाणकामगारांच्या गायनवृंदांची तयारीही पुढे बरीचशी सोल्फावर झाली.

यापुढे पूलस्वर घ्यायचे आहेत. चाल एका पट्टीतून दुसरीत शिरताना ज्या स्वरावर हा बदल होतो, त्याची जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे शेजारी लिहितात. मॉड्युलेटरवर मधल्या शिडीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या पट्ट्यांचे स्तंभ असतात. उजव्या स्तंभात मूळ सो च्या ओळीत डो येतो. पंचमाला षड्ज मानून गाण्याची सवय असल्यामुळे हा स्तंभ आधी घेणार आहे. डावा स्तंभ, जिथे फा चा डो होतो, त्यानंतर.