पहिल्या पसंतीला लिहिलेलं पत्र

जानेवारी उजाडला की मला अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागतात. कुणी मिरजेची असते, कुणी नांदेडचा, कुणी अंबाजोगाईचा. सगळे अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, मिळवायला धडपडणारे. विचारायचं मात्र सगळ्यांना एकच असतं. "ताई, इंटरव्ह्यू झाले. आता पहिल्या पसंतीच्या प्रोग्रॅमला मेल करू का? काय लिहू?" एकेकाला उत्तर देताना दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून माझ्या वेळी जे घडलं ते एकदाच सगळं लिहून काढते.

मी सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजची, घर बार्शीचं. 2024 च्या मॅचमध्ये इंटर्नल मेडिसिनसाठी उतरले होते. मॅच म्हणजे उमेदवार आणि प्रशिक्षण देणारे हॉस्पिटलांचे प्रोग्रॅम, दोघांच्या पसंतीच्या याद्या कंप्युटरने जुळवून जागा वाटायची पद्धत. 120 ठिकाणी अर्ज केले. नुसत्या अर्जांचेच दोन लाखांच्या वर गेले आणि हाती इंटरव्ह्यू आले सहा. कोविडपासून बहुतेक इंटरव्ह्यू ऑनलाइनच होतात, त्यामुळे ते सगळे मी बार्शीतल्या माझ्या खोलीतूनच दिले. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र. बाबा रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का बघायचे आणि आई टीव्ही बंद करून शेजारी काकूंकडे जाऊन बसायची.

तिसऱ्या इंटरव्ह्यूत एका डॉक्टरांनी सरळ विचारलं, "आमच्याशिवाय कुठे कुठे बोलावणं आहे? आम्हाला कितव्या नंबरवर ठेवणार?" माझ्या पोटात गोळाच आला. असं विचारायला परवानगी नाही. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेची आचारसंहिता आहे, तिच्यात हे स्पष्ट लिहिलंय. उमेदवार आणखी कुठे अर्ज करतोय, कुणाला कितवा क्रमांक देणार, हे प्रोग्रॅमने विचारायचं नाही. इंटरव्ह्यूनंतर मेल पाठवा, प्रत्यक्ष येऊन भेटून जा, असाही आग्रह धरायचा नाही. नियम मला पाठ होता, पण समोरच्या माणसाला नियम ऐकवायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "माझी यादी अजून ठरलेली नाही, पण तुमच्याकडे पहिल्या वर्षापासून स्वतःचं ओपीडीचं पॅनेल, म्हणजे आपले ठरलेले पेशंट, मिळतं, ते मला फार आवडलं." त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला. हे उत्तर आधीपासून तयार ठेवा. ऐनवेळी सुचत नाही, आणि घाबरून तोंडातून "तुम्हीच पहिले" निघून जातं.

इंटरव्ह्यू झाला की दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल पाठवायचा. चार-पाच ओळी पुरतात. कुणाशी काय बोलणं झालं त्यातली एखादी खरी गोष्ट असावी. दोन प्रोग्रॅमनी आधीच बजावलं होतं की इंटरव्ह्यूनंतर काहीही पाठवू नका. तिथे काहीच पाठवलं नाही. त्यातला एक होता न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचा, छोट्या गावातला. त्यांच्या कोऑर्डिनेटर बाई सगळ्या उमेदवारांसमोर म्हणाल्या होत्या, "आमच्याकडून तुम्हाला काही कळणार नाही. त्याचा चांगला-वाईट कुठलाच अर्थ काढू नका." तेव्हा हे ऐकून जरा तुटक वाटलं होतं.

माझी पहिली पसंती ओहायोत होती. त्याच हॉस्पिटलमध्ये मी 2023 च्या उन्हाळ्यात चार आठवडे ऑब्झर्व्हरशिप केली होती. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे नुसतं बघायचं. पेशंटला हात लावायचा नाही आणि ऑर्डरही लिहायच्या नाहीत. ओहायोत भूतानमधून आलेले नेपाळीभाषक निर्वासित बरेच आहेत आणि त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा तिथे खास ओपीडी चालायची. एक आजोबा यायचे. तीन गोळ्या चालू असूनही त्यांचं ब्लड प्रेशर उतरत नव्हतं. फोनवरचा दुभाष्या "गोळ्या घेता का?" विचारायचा आणि आजोबा "हो" म्हणायचे. एकदा डॉक्टर बाहेर गेल्यावर ते माझ्याशी हिंदीत बोलायला लागले आणि बोलता बोलता कळलं, की डोकं दुखेल त्या दिवशीच ते गोळी घेतात. डोकेदुखीची गोळी घेतात तशी. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, आजोबांच्या समोर बसले आणि दुभाष्याला पुन्हा लाइनवर घेऊन वीस मिनिटं समजावलं. बाहेर चार पेशंट ताटकळत होते. मला शिकायचं तर इथेच, हे त्या दुपारी ठरलं.

म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. याला लेटर ऑफ इंटेंट म्हणतात. "मी तुम्हाला पहिल्या क्रमांकावर ठेवत आहे" असं थेट सांगणारं पत्र. ते एकाच ठिकाणी जातं. बाकीच्या आवडत्या ठिकाणी पाठवायचं ते लेटर ऑफ इंटरेस्ट, त्यात आपली मनापासूनची आवड सांगायची, क्रमांकाचा शब्द काढायचा नाही. आपणहून पसंती सांगायला नियमांची आडकाठी नाही. पण असा शब्द कुणालाच बांधून ठेवत नाही, त्यांना नाही आणि आपल्यालाही नाही. बंधन असतं ते फक्त सर्टिफाय केलेल्या, म्हणजे मुदतीत पक्की करून दिलेल्या, पसंतीच्या यादीचं. तिच्यातून जे जुळेल तिथे जावंच लागतं.

आमच्या अभ्यासाच्या ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, "तिघांना पाठव की. कुणाला कळणार आहे?" मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या कामात पेशंट आपल्या शब्दावर विसंबून राहणार आहे, त्या कामात शिरताना पहिलंच पत्र खोटं लिहायचं? शिवाय प्रोग्रॅम डायरेक्टर मंडळी एकमेकांना ओळखतात, हेही आहेच. पण ते कारण दुय्यम.

माझा पहिला मसुदा दोन पानांचा झाला होता. लहानपण, आजीचा मधुमेह, सगळं त्यात घातलं होतं. तिकडे फेलोशिप करणाऱ्या माझ्या सिनियर ताईला वाचायला पाठवला. तिचा फोन आला. "अगं, हे सगळं त्यांनी तुझ्या अर्जातल्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये वाचलंय. तुला तेच का हवेत, एवढंच सांग." मग पत्र उरलं तीन परिच्छेदांचं. पहिल्या वाक्यात, तुम्ही माझी पहिली पसंती आहात. मधे त्या ओपीडीबद्दल, आजोबांची ओळख पटेल असं काही न लिहिता, वीस मिनिटं बसून समजावणाऱ्या डॉक्टरांबद्दल, आणि मला हिंदीचा तिथे काय उपयोग होईल त्याबद्दल. शेवटी आभार. स्टेप या तिकडच्या लायसन्स परीक्षांचे मार्क नाहीत, विनवण्या नाहीत, उत्तराची अपेक्षाही नाही. 12 फेब्रुवारीला पाठवलं. कारण त्यांनाही आपली यादी आमच्याच मुदतीत द्यायची असते आणि बऱ्याच ठिकाणी ती त्याच्या आधीच ठरते. यादी ठरल्यावर पोचलेलं पत्र काय कामाचं?

उत्तर आलं नाही. एक आठवडा गेला, मग दुसरा. मी दिवसातून वीस वेळा मेल उघडायचे. बाबा काही विचारायचे नाहीत, पण चहाचा कप ठेवताना स्क्रीनकडे एक नजर टाकायचे.

आणि 24 तारखेला मेल आला, पण न्यू जर्सीहून. तो माझा दुसऱ्या क्रमांकाचा प्रोग्रॅम. "आमच्या यादीत तुमचं स्थान फार वरचं आहे. जुलैमध्ये तुम्हाला आमच्यात बघायला आम्हाला फार आवडेल." घरात आनंदीआनंद झाला. एडिसनला माझी आत्या राहते, तिथून ते हॉस्पिटल गाडीने अर्ध्या तासावर. आत्याने फोनवर सांगून टाकलं, "वरची खोली तुझीच." आई म्हणाली, "जे बोलावतायत त्यांना सोडून, जे बोलतही नाहीत त्यांच्या मागे का लागायचं?" स्थळ बघताना आपल्याकडे हेच चालतं ना. ज्यांनी होकार कळवला ते घर आपलं, जे "कळवतो" म्हणून गप्प बसले त्यांचा नाद सोडायचा.

पण मॅच स्थळांसारखी चालत नाही, आणि हे मी आईला त्या रात्री कागदावर काढून दाखवलं. हे नीट समजलं नाही तर माणूस मेलच्या गोडव्याला भुलून आपली यादी बिघडवतो, म्हणून इथेही सांगते.

कंप्युटर माझी यादी घेतो आणि आधी पहिल्या प्रोग्रॅमकडे जातो. त्यांच्या यादीत मी असेन आणि जागा असेल, तर मला तात्पुरतं बसवतो. तात्पुरतंच, कारण त्यांना माझ्यापेक्षा जास्त हवा असलेला कुणी नंतर आला तर मला उठावं लागतं. मग तो माझ्यासाठी दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जातो. आता आईची शंका होती, "तोपर्यंत दुसरीकडच्या जागा भरून गेल्या असतील तर?" भरल्या असल्या तरी हरकत नाही. तिथे बसलेल्यांपैकी एखादा त्यांच्या यादीत माझ्या खाली असेल, तर तो उठतो आणि मी बसते. म्हणजे पहिल्या दारावर नकार मिळाल्याने दुसऱ्या दारावरचा माझा हक्क तसूभरही कमी होत नाही. सगळ्यांच्या याद्या संपेपर्यंत हे चालतं आणि मगच जागा पक्क्या होतात. गेल आणि शॅपली या दोन गणितज्ञांनी 1962 मध्ये या पद्धतीचं गणित मांडलं. 1998 पासून एनआरएमपी जी पद्धत वापरते ती अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ यांनी सुधारलेली, आणि तिची सुरुवात उमेदवाराच्या यादीपासून होते. रॉथ आणि शॅपली यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. या पद्धतीत "कुठे मिळेल" याचा हिशोब करून क्रम लावणाऱ्याचा काहीही फायदा होत नाही. "कुठे हवंय" तेवढंच लिहायचं.

आईला पटलं. मला मात्र, सगळं समजूनही, शेवटच्या सकाळी धीर धरवला नाही. यादी मी आठवडाभर आधीच सर्टिफाय केली होती. मुदत होती 28 फेब्रुवारी, तिकडचे रात्रीचे नऊ. म्हणजे आपल्याकडे 29 तारखेची सकाळ, साडेसात. पावणेसातला मी पुन्हा लॉगिन केलं. न्यू जर्सी वर, ओहायो खाली, अशी अदलाबदल करून बघितली. ते दिसायला इतकं सोपं होतं. फक्त सर्टिफायचं बटण पुन्हा दाबायचं बाकी होतं. बाबा दारात उभे होते. ते बार्शीच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बारा तारखेला तू त्यांना काय लिहिलंस?"

मी ओहायो वर घेतलं आणि बटण दाबलं. सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

मॅचच्या आठवड्यात सोमवारी फक्त मॅच झालात की नाही एवढंच कळतं. 11 मार्चच्या संध्याकाळी माझा झाल्याचा मेल आला आणि आई देवासमोर जाऊन बसली ती बराच वेळ उठलीच नाही. आमच्या ग्रुपमधल्या तिघांचा झाला नाही. त्या वर्षीचे आकडे नंतर आले, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या आमच्यासारख्या परदेशी पदवीधरांपैकी 58.5 टक्के मॅच झाले होते, तिथल्या एमडीच्या (आपल्या एमबीबीएससारखी पदवी) शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी 93.5 टक्के. त्या तिघांचे मार्क माझ्याइतकेच होते, एकीचे माझ्याहून जास्त. तो आठवडा मी आनंद फारसा दाखवू शकले नाही.

जागा कळते शुक्रवारी. 15 मार्च, रात्रीचे साडेनऊ. ओहायो नव्हतं. न्यू जर्सीही नव्हतं. मॅच झाला होता माझ्या तिसऱ्या क्रमांकावर, न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या त्या छोट्या गावात. "आमच्याकडून काही कळणार नाही" म्हणणाऱ्या बाईंचा प्रोग्रॅम.

मी तिसऱ्या क्रमांकावर गेले याचा अर्थ सरळ आहे. वरच्या दोघांच्याही याद्यांत मी पोचण्याइतकी वर नव्हते. न्यू जर्सीला पहिलं ठेवलं असतं तरी ते मिळालं नसतं. आणि मग "फार वरचं स्थान"? त्याचा उलगडा दोन दिवसांनी झाला. ग्रुपवर सहज विषय निघाला तेव्हा आणखी दोघांनी तोच मेल टाकला. अक्षर न् अक्षर तेच, फक्त नावं वेगळी. त्यातल्या एकीने त्या मेलवर विसंबून आपली यादी उलटी लावली होती, आणि तिलाही ती जागा मिळाली नव्हती. याचा मला आजही राग येतो. आमच्या अवस्थेत असा मेल म्हणजे घरच्यांच्या तोंडात साखर. पाठवणाऱ्याला एका क्लिकपलीकडे काही खर्च नसतो. आता मी रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंटरव्ह्यूच्या दिवशी उमेदवारांशी गप्पा मारायला रेसिडेंट म्हणून बसते, आणि आमच्या कोऑर्डिनेटर बाई तेच वाक्य म्हणतात तेव्हा मला ते मुळीच तुटक वाटत नाही.

त्या रविवारी मी ओहायोच्या डायरेक्टरना मेल केला. मॅच दुसरीकडे झाला, पण तुमच्या ओपीडीत जे बघितलं ते सोबत नेते आहे, एवढंच लिहिलं. या वेळी उत्तर आलं, तासाभरात. त्यांनी अभिनंदन केलं होतं. पुढे लिहिलं होतं, की इंटरव्ह्यूनंतर उमेदवारांना उत्तर द्यायचं नाही असा त्यांच्याकडे नियम आहे, म्हणून फेब्रुवारीत गप्प राहावं लागलं. पण पत्र वाचलं होतं. आणि मधला परिच्छेद त्या डॉक्टरांनाही वाचायला दिला होता.

बाबांनी तो मेल कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट करून आणला आणि माझ्या व्हिसाच्या फाइलमध्ये, सगळ्यात मागे, ठेवून दिला.