ईमचे चर्च : अडलेली मल्टी सुटली, फायनल बाकी

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेली डबी (कॅश) शोधण्याचा छंद. त्यातील चर्च मायक्रो या चर्चजवळच्या छोट्या डब्यांच्या मालिकेत इंग्लंडमधील डर्बीशरच्या ईम गावच्या कॅशवर मागे डीएनएफ (‘सापडली नाही’ अशी नोंद) टाकला होता; त्या मल्टीचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने सुटणाऱ्या कॅशचे, उत्तर अखेर जुळले. या मालिकेत डबी शक्यतो दफनभूमीत ठेवत नाहीत, तिथल्या दगडांवरून आकडे गोळा करून बाहेर शोध घ्यावा लागतो, आणि इथे घोडे पेंड खात होते ते एका थडग्यावरील सालापाशी.

बाकीचे टप्पे सरळ होते. भिंतीवरील सूर्यघड्याळ १७७५ सालचे आहे, आणि सॅक्सन क्रुसाजवळचे थडगे कॅथरीन मॉम्पेसन यांचे. प्लेगच्या काळात गावाला स्वतःहून अलग राहण्यास राजी करणाऱ्या रेक्टर विल्यम मॉम्पेसन यांच्या त्या पत्नी. ऑगस्ट १६६६ मध्ये त्या प्लेगनेच गेल्या. अडलेला दगड मात्र शेवाळलेला आणि निनावी म्हणावा इतका झिजलेला, त्यामुळे चेकसम (उत्तर पडताळण्यासाठीची अंकांची बेरीज) दर वेळी एकने कमी भरे. (आकडे मुद्दाम देत नाही; कॅशमालकाच्या कष्टांवर पाणी नको.)

अशा दगडावर खडू किंवा तारेचा ब्रश चालवणाऱ्यांना या छंदात जागा नसावी. आम्ही साधा आरसा बाजूला धरून ऊन दगडाच्या पृष्ठालगत तिरके सोडले, तेव्हा खाचांत सावली भरली आणि सालाच्या शेवटी एकच अंक नसून आडव्या रेघेच्या वर-खाली कोरलेले दोन अंक असल्याचे दिसले. इंग्लंडमध्ये १७५२च्या कॅलेंडर-सुधारणेपूर्वी कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते २४ मार्चमधील मृत्यूंसाठी पुष्कळदा दोन्ही साले कोरत. खालचा अंक घेताच चेकसम जुळला. तो अंक उत्तर अक्षांशातील मिनिटांच्या पहिल्या दशांश स्थानी जात असल्याने एकाच्या फरकाने जागा सुमारे १८५ मीटर सरकली; मागच्या वेळी धुंडाळलेली भिंतच वेगळी होती.

फायनलनंतर, म्हणजे प्रत्यक्ष डबी शोधण्याच्या शेवटच्या टप्प्यानंतर, थेट मॉम्पेसनच्या विहिरीकडे जायचे ठरले होते. पण हे लिहितानाच सुचले, की असे जोडसाल असलेले दगड आसपासच्या गावांतून शोधून त्यांचीच एक मिस्टरी (कोडे सोडवून शोधायची कॅश) रचावी. विहीर थांबेल, आधी चर्चची परवानगी काढू. डबी कॅमेऱ्याच्या फिल्मची नसेल, हे नक्की, कारण तिच्यात लॉग (शोधणाऱ्यांनी सही करायचा कागद) भिजतो. शीतपेयाच्या बाटलीची न फुगवलेली जाड नळी कधीही बरी. तोवर फायनलसाठी चिमटा आणि कोरडी लॉगपट्टी पिशवीत ठेवली आहे.