टाकीची नोंद, मे महिना : नायट्रेट म्हणून की नायट्रोजन म्हणून?

भुसावळच्या पन्नास लिटरच्या माशांच्या टाकीला नववा महिना लागला. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पातींवर केसासारखं शेवाळ चढतंय आणि दिव्याचे तास कमी करूनही हटत नाही. कारण सापडलं. ते दिव्यात नव्हतंच, आकड्यात होतं.

बोअरच्या पाण्याच्या अहवालात नायट्रेटसमोर ९ होतं. मी धरून चाललो, लिटरमागे ९ मिलिग्रॅम, झाडांना कमीच. म्हणून दर आठवड्याला सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घालत राहिलो. परवा कागद पुन्हा उघडला तर शेजारी बारीक अक्षरात 'नायट्रोजन म्हणून'. म्हणजे ९ हे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन. नायट्रोजनचा अणुभार १४, अख्ख्या नायट्रेटचा ६२. भागाकार ४.४३. म्हणजे सोऱ्याचा कण पडायच्या आधीच माझ्या पाण्यात जवळपास ४० मिलिग्रॅम नायट्रेट! पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकातली ४५ ची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे, अमेरिकेची १० ची नायट्रोजन म्हणून. गुणून बघा, दोन्ही जवळजवळ सारख्याच. न गुणता शेजारी ठेवल्या तर आपला नियम चौपट ढिला वाटतो.

टाकीबाहेरचं आहे, पण लिहितोच. नानांच्या रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी. एकीत ब्लड युरिया ३०, दुसरीत बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, १४. आई म्हणाली, निम्म्यावर आलं. मीही महिन्यापूर्वी तेच म्हटलं असतं. युरियाचा रेणूभार ६०, त्यात नायट्रोजन २८, गुणक २.१४. चौदाला त्याने गुणलं की तीसच येतात. काहीच उतरलेलं नव्हतं. तिला वहीत मांडून दाखवलं तेव्हा पटलं.

पाण्याच्या कडकपणाचं तसंच. अहवालात कॅल्शियम कार्बोनेट म्हणून ३५०, आणि माझं थेंबांचं किट जर्मन अंशांत. एक अंश म्हणजे १७.८५ मिलिग्रॅम, म्हणून साडेएकोणीस अंशांच्या पुढे यायला हवं. किटात एक थेंब म्हणजे एक अंश. नळीत थेंब मोजत गेलो. एकोणिसाव्यापर्यंत रंग जागचा हलला नाही, विसाव्याला पालटला. भो, त्या क्षणी काय बरं वाटलं!

पण खरी काळजी आपल्या उन्हाची आहे. उघड्या टाकीतून सध्या रोज लिटरभर पाणी उडतं. पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. तेवढंच बोअरचं पाणी महिनाभर ओतलं तर ३० गुणिले ३५०, म्हणजे साडेदहा ग्रॅम क्षार वाढले. पन्नास लिटरांत २१० ची भर, ३५० चे ५६०. पाणी बदललं नाही तर गप्पीसुद्धा दमतील. म्हणून उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या पाण्याने, आणि आठवड्याच्या बदलात बोअर-आरओ निम्मं निम्मं. सोरा बंद.

पुढे लागलाच तर द्रावण तयार आहे : २०.४ ग्रॅम सोरा आधी बाटलीत, मग २५० मिलिच्या खुणेपर्यंत पाणी. अडीचशे मिलि पाण्यात सोरा टाकायचा नाही, आकारमान खुणेच्या वर जातं. वजन सराफी काट्यावर केलंय. या द्रावणाचे पाच मिलि पन्नास लिटरांत नायट्रेट ५ ने वाढवतात, आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर 'नायट्रेट म्हणून' असं ठळक लिहिलंय.

शेवाळ अजून आहे. नव्या पाती मात्र स्वच्छ येतायत.