तुम्ही विचारलंत म्हणून: १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, मग तिथंच उपचार का करत नाही?

नातेवाईक विचारतात, "गाडीत डॉक्टर आहेत ना, मग इथंच काहीतरी करा की, पळवता कशाला?" आणि दवाखान्यातली मंडळी विचारतात, "तुम्ही बीएएमएसवाले १०८ वर बसून नेमकं करता काय? टेक्निशियन चालला नसता का?" मी १०८ वरचा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेला डॉक्टर; हे दोन्ही प्रश्न वर्षानुवर्षं ऐकतो आहे. एकदा सविस्तर उत्तर देतो.

काही आजारांत गाडीत थांबून उपयोग नसतो. पोटात रक्तस्राव होत असेल तर गाडीत रक्ताची पिशवी नसते आणि पोट उघडताही येत नाही. सलाईन ओतत राहिलं तर रक्त आणखी पातळ होतं, गोठत नाही, म्हणून मनगटाची नाडी लागेल इतकंच द्यायचं. बाहेरच्या जखमेवर घट्ट दाब, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम, तेही मार लागल्यापासून ३ तासांच्या आत, आणि निघायचं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी काढायचा, ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्यायची. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवायची नाही, शेजाऱ्याने खिशातून काढून दिली तरी नाही. मग ठरवायचं की गाडी जवळच्या दवाखान्यात न्यायची, की अर्धा तास लांबच्या, जिथे गुठळी विरघळवतात किंवा अँजिओप्लास्टी होते तिथे. गाडी कुठे वळवायची हे ठरवणं हाही उपचारच आहे. नातेवाइकांना तो दिसत नाही, म्हणून "डॉक्टरने काही केलं नाही" असं म्हटलं जातं.

पण श्वास थांबतो तेव्हा उपचार गाडीतच होतो, पूर्ण वाटभर होतो. मण्यार चावलेल्या माणसाचं उदाहरण घ्या.

मण्यार रात्री चावते, बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्याला. सूज नसते, दातांचे व्रण धड दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घरच्यांना वाटतं खाण्यातून झालं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान उशीवरून उचलत नाही. पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याकडच्या एखाद्या पाड्यावरून माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तोवर हे सगळं सुरू झालेलं असतं. तिथे प्रतिविषाच्या १० कुप्या चढतात आणि तोरंगण घाटाने, त्र्यंबकच्या वाटेने, नाशिक सिव्हिलला रेफर होतं. व्हेंटिलेटर तिथे आहे.

"लस दिली ना, मग बरा का होत नाही?" हा प्रश्न इथे हमखास येतो. प्रतिविष रक्तात फिरणारं विष पकडतं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाला जाऊन बसलं आणि टोक निकामी झालं की ते लसीने दुरुस्त होत नाही, नवीन व्हायला दिवस लागतात. नागाच्या विषात निओस्टिग्मिन या औषधाने फरक पडतो, मण्यारीच्या विषात सहसा पडत नाही. म्हणजे तेवढे दिवस कुणीतरी त्याचा श्वास चालवायचा. त्यातला घाटातला तास-दीड तास आमच्याकडे असतो.

तो असा जातो. घशात लाळ साठलेली असते कारण गिळता येत नाही, म्हणून आधी सक्शन, म्हणजे यंत्राने ती ओढून घ्यायची. हनुवटी उचलून, उबळ येत नसेल तर तोंडात एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी, घालायचा. मग मास्क आणि अँब्यू, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. मोठ्यांची अँब्यू दीड लिटरच्या आसपास असते. ती पूर्ण दाबायची नाही, तिसरा हिस्सा ते निम्मी, म्हणजे साधारण अर्धा लिटर हवा, एका सेकंदात. छाती हलकी वर आलेली दिसली की पुरे. असा दर ५ ते ६ सेकंदांनी एक श्वास. घाबरलेला माणूस मिनिटाला तीस-तीस वेळा दाबतो, हवा पोटात जाते, पोट फुगतं, अन्न वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. मण्यारीने न गेलेला माणूस अशाने जातो.

मास्क एका हाताने धरला तर घाटातल्या प्रत्येक वळणावर कडेने हवा निसटते. दोन्ही हातांनी जबडा उचलून मास्क घट्ट धरायला एक माणूस आणि अँब्यू दाबायला दुसरा, ही योग्य पद्धत. आता गाडीत बघा. पुढे पायलट, म्हणजे ड्रायव्हर, मागे डॉक्टर. तिसरं कुणी नाही. म्हणून मुलाला किंवा भावाला डोक्याशी बसवायचं, हात त्याच्या हातावर ठेवून चार-पाच वेळा दाबून दाखवायचं, आकडे मोठ्याने म्हणायला लावायचे, आणि मास्क आपण दोन्ही हातांनी धरायचा. आय-जेल, म्हणजे घशात श्वासनळीच्या तोंडावर बसणारी नळी, असेल तर बरं. चार नंबरची बसवली की मास्क धरायचं काम संपतं, एक माणूस भागवू शकतो. गाडीत ती आहे का, योग्य मापाची आहे का, हे ड्यूटी घेताना बघायचं असतं, घाटात नव्हे.

ऑक्सिजनचा हिशोबही निघतानाच करायचा. १० लिटर पाण्याच्या मापाचा बी टाइप सिलिंडर, दाबाचा काटा ७५ वर, म्हणजे साधारण ७५० लिटर. मिनिटाला १० लिटर सोडला तर सव्वा तास, आणि शेवटचा पाचवा हिस्सा मोजायचा नाही. तरीही सिलिंडर संपला म्हणून हात थांबवायचे नाहीत. मण्यारीच्या रुग्णाची फुप्फुसं चांगली असतात, बंद पडलेले असतात ते स्नायू. साध्या हवेवरही अँब्यू त्याला जगवते.

आणि मग तो क्षण येतो. हातपाय हलत नाहीत, पापणी उचलून बॅटरी मारली तर बाहुली मोठी आणि स्थिर. गाडीत कुणीतरी म्हणतं, "संपलं, गाडी वळवा." मानेची नाडी मात्र लागत असते, मॉनिटरवर हृदय चालू असतं. मण्यारीच्या विषात बाहुलीचेही स्नायू पडतात, म्हणून माणूस मेंदू मेल्यासारखा दिसतो. तो मेलेला नसतो. पुष्कळदा शुद्धीवर असतो आणि गाडीतलं सगळं ऐकत असतो. तिथे ठामपणे सांगावं लागतं की गाडी वळणार नाही, की त्याच्यासमोर "गेला" म्हणायचं नाही, की आकडे मोजत राहा. रडणाऱ्या, चिडलेल्या चार माणसांपुढे हे सांगायचं असतं, हात मास्कवरून न काढता.

याला डॉक्टरच हवा का? पूर्वी मी म्हणत असे, अर्थातच. आता इतक्या सहज म्हणवत नाही. वरचं सगळं हातांचं काम चांगला शिकवलेला टेक्निशियन करू शकतो. इतर बहुतेक राज्यांत १०८ वर टेक्निशियनच असतात आणि तिथेही माणसं वाचतात. श्वासनळीत ट्यूब घालणं हे तर निव्वळ सवयीचं काम आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये रोज घालणाऱ्याचा हात आणि हलत्या गाडीत क्वचित घालणाऱ्याचा हात सारखा नसतो, डिग्री कोणतीही असो. कॅनडातल्या ओन्टारिओचा २००४ मधला मोठा अभ्यासही सांगतो की जिथे डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, लवकर पोचत होता तिथे हृदय बंद पडलेल्यांसाठी गाडीवर प्रगत उपचार वाढवून वाचणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही.

मग बीएएमएसचा मुद्दा. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या आयुर्वेद डॉक्टरांच्या वेतनाच्या खटल्यात म्हटलं की ॲलोपॅथीचे डॉक्टर देतात ती तातडीची सेवा आणि ट्रॉमा केअर आयुर्वेदाचे डॉक्टर देऊ शकत नाहीत. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ ॲडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, आणि त्यांवर बसले ते बहुतांश आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथी वगैरेंचे, डॉक्टर. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवा आणि सांगा, आम्ही त्या घाटात काय करायचं? ते काम आम्हाला येत नाही असं मी मान्य करणार नाही. ते आमच्या कॉलेजात पुरेसं शिकवलं जातं असंही म्हणणार नाही.

जर्मनीत डॉक्टर वेगळ्या मोटारीतून घटनास्थळी जातो. तिथे आधीच रुग्णवाहिकेसोबत प्रशिक्षित कर्मचारी असतात, आणि त्यांच्यासाठी ३ वर्षांच्या शिक्षणाचा कायदा त्याच जानेवारी २०१४ मध्ये लागू झाला. तिथे डॉक्टर हा वरचा थर आहे, खालचा थर पक्का केल्यानंतरचा. आपण वरचाच थर बसवला, खालचा नाही. म्हणून आज मला निवडायला लावलं तर डॉक्टर काढून टेक्निशियन बसवा असं मी म्हणणार नाही, आधी मागे दुसरा प्रशिक्षित माणूस द्या म्हणेन. पैसे दोघांपुरते नाहीत असं उत्तर आलं तर? तर मैदानी जिल्ह्यांत, जिथे सिव्हिल वीस मिनिटांवर आहे, तिथे दोन टेक्निशियन पुरतील असं वाटतं. मोखाड्यात नाही. तिथे डॉक्टरची वेगळी मोटार निघून रुग्णवाहिकेला गाठेल तोवर घाट संपलेला असेल.