बोल्यू घराण्याचे मूळ शोधताना: क्युबेकचा प्रवास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील असंख्य फ्रेंचभाषक शेतकरी कुटुंबे अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला गेली. आमच्या विहीणबाईंचे माहेरचे बोल्यू कुटुंब त्यांपैकीच, मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे स्थिरावलेले. सूनबाई, विहीणबाई आणि मी अशा तिघी त्या घराण्याचे मूळ शोधण्यासाठी क्युबेकला जाऊन आलो. याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की, केवळ आडनावावर विसंबून शोध घेऊ नये. जुन्या नोंदींत हे घराणे ‘युदाँ दि बोल्यू’ असे सापडते. यातील ‘दि’ म्हणजे आपले ‘उर्फ’. 1665 साली फ्रान्सच्या कारिन्यां-सालिएर पलटणीतून सुमारे 1200 सैनिक येथे आले. त्या काळी सैनिकाला पलटणीत एक वेगळे नाव मिळत असे आणि जे येथेच वसले त्यांच्यापैकी अनेकांच्या वंशजांना ते चिकटले. पुढच्या पिढ्यांत एका शाखेने मूळ नाव ठेवले, दुसरीने उपनाव उचलले. त्यामुळे सख्ख्या भावांचीही आडनावे निराळी दिसू शकतात. अमेरिकेत गेल्यावर आणखी भर पडली: ‘र्वा’चे किंग झाले, ‘ब्वाव्हेर’चे ग्रीनवुड. निघण्यापूर्वीच अशा सर्व पर्यायांची यादी करून ठेवावी आणि प्रत्येक सूचीत ती सगळी नावे तपासावीत.

खरा आधार विवाहनोंदीचा. कॅथलिक धर्मगुरू विवाहाच्या नोंदीत सहसा वधू-वर दोघांच्याही आई-वडिलांची नावे लिहीत, आणि आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहीत. एक विवाह सापडला की मागच्या पिढीचा विवाह शोधायचा, अशा पायऱ्यांनी मागे जाता येते. येथील स्त्री बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत नोंदींत जन्मनावानेच राहते, आणि 1981 पासून तर विवाहानंतर तेच नाव वापरणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडील कित्येक कुलवृत्तांतांत सासरी आलेल्या स्त्रीचे माहेर एका ओळीत आटोपते, किंवा तेवढेही नसते. येथे आईच्या आईकडे आणि तिच्याही आईकडे अखंड जाता येते, याचे मला फार अप्रूप वाटले. या वाटेने गेल्यास बहुतेकांना 1663 ते 1673 या काळात फ्रान्सच्या राजाने खर्च करून पाठवलेल्या सुमारे 800 तरुणींपैकी कोणी ना कोणी पूर्वजा म्हणून भेटते.

बाप्तिस्म्याची नोंद वाचताना मात्र सावध असावे. पुष्कळ मुलींच्या नावाआधी मारी आणि मुलांच्या नावाआधी जोझेफ लावलेले असे. रोजच्या वापरातले नाव बहुधा शेवटचे.

क्युबेक शहरात लाव्हाल विद्यापीठाच्या आवारातील काझो इमारतीत प्रांताचे अभिलेखागार आहे आणि शहरात क्युबेकच्या वंशावळी मंडळाचे ग्रंथालयही आहे. दोन्हींच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. तांगे आणि जेते यांचे वंशकोश प्रथम चाळून मगच मूळ नोंदींकडे वळावे, कारण कोशांतही चुका आहेत. चर्च जळाले म्हणून निराश होऊ नये. नोंदवहीची दुसरी प्रत न्यायालयाकडे जात असे आणि त्या प्रतींची छायाचित्रे आज संगणकावर पाहता येतात. नोंदींची फ्रेंच भाषा ठराविक साच्याची असते. जन्म, विवाह, दफन, विधवा, साक्षीदार एवढे शब्द पाठ केले तरी पुष्कळ काम भागते.

पियेर युदाँ दि बोल्यू हा सैनिक ज्या रिव्हिएर-वेल गावात वसला, ते सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठावर, शहरापासून मोटारीने सुमारे दीड तासावर आहे. तेथे स्वतःची किंवा भाड्याची मोटारच सोयीची. सतराव्या शतकातील थडगी सापडतील, ही अपेक्षा ठेवू नये. मात्र अलीकडच्या दगडांवर पत्नीचे माहेरचे आडनाव कोरलेले असते, म्हणून प्रत्येक दगडाचे छायाचित्र घ्यावे, आणि युदाँ व बोल्यू दोन्ही नावांच्या रांगा पाहाव्यात.